शिक्का घेतल्याशिवाय कागद सोडू नका

तीर्थपुरीत माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. पीकविमा, फेरफार, उसाची नोंद असे अर्ज लिहिता लिहिता आता आणखी एका जातीचे अर्ज माझ्याकडे यायला लागलेत. कुणाचा भाऊ आत आहे, कुणाचा मुलगा. आत पाणी पुरत नाही, अंगाला खरूज झालीय, झोपायला जागा नाही. माणसं हे हळू आवाजात सांगतात, दुसरं गिऱ्हाईक असेल तर बाहेरच थांबतात. माझ्याकडे येतात कारण हे सगळं आमच्या घरात होऊन गेलंय.

माझा चुलतभाऊ बांधाच्या भांडणात आत गेला. भांडण खरं होतं, काठीही खरी होती, त्याबद्दल इथे वाद घालायचा नाही. त्याचा गुन्हा कोर्ट बघेल. त्याला प्यायला पाणी मिळतं का हा वेगळा प्रश्न आहे. हे घरच्यांना पटवायलाच मला बराच वेळ लागला. कोणतं कारागृह ते लिहीत नाही. ऐन उन्हाळा, बराकीत माणसावर माणूस. रात्री कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवायचं. नवीन येणाऱ्याची पथारी संडासाच्या दाराशी. पाहता पाहता त्याच्या हातांना खरूज झाली, बोटांच्या बेचक्यांत पू झाला. मुलाखतीला जाळीपलीकडून हात दाखवायचा आणि म्हणायचा, "भाऊ, तुम्ही कुणाला काही बोलू नका."

काकूचंही तेच. "अर्ज-बिर्ज करू नको रे बाबा, लेकरू त्यांच्या हातात हाय." ही भीती खोटी म्हणता येत नाही. तक्रार करणाऱ्याची बराक बदलते, मुलाखतीला आलेल्या घरच्यांना ताटकळत बसवलं जातं, कधी लांबच्या जेलला बदली होते.

तरी बराकीतल्या पोरांनी एक अर्ज केलाच. सह्या आणि अंगठे मिळून वीस-पंचवीस असतील. जेवण खराब, पाणी नाही, डॉक्टर बघत नाही, शिव्या देतात, पैसे मागतात, असं सगळं एकाच कागदावर. कागद आतल्याच एका शिपायाच्या हातात दिला. पुढे तो कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. लिहिणारा कोण ते मात्र कळलं, कारण दोन दिवसांत त्याला दुसरीकडे हलवलं.

त्या कागदात दोन उणिवा होत्या आणि त्या आजही रोज माझ्या टेबलावर येतात. एक, पोच नव्हती. दुसरी, मागणी नव्हती. नुसतं गाऱ्हाणं होतं. "आमचे हाल होतात" यावर कुणीही आदेश देऊ शकत नाही. "अमुक माणसाला अमुक आजार आहे, त्याला सरकारी दवाखान्यात दाखवून अहवाल कोर्टापुढे ठेवा" यावर देता येतो.

म्हणून पुढचा अर्ज आम्ही जेलमध्ये दिलाच नाही, चुलतभावाचा खटला ज्या कोर्टापुढे होता तिथे दिला. कच्चा कैदी न्यायालयीन कोठडीत असतो. म्हणजे त्याला कोर्टानंच तिथे ठेवलेलं असतं. मग त्याच्या तब्येतीचं पहिलं विचारायचं ते त्याच कोर्टाला. आमचे वकील म्हणाले, आधी जामिनाचं बघू, या भानगडीत साहेब नाराज होतील. जामीन हवाच होता, पण जामिनाच्या अर्जात शेवटच्या ओळीला खरूज टाकली की ती कुणी वाचत नाही. आम्ही वेगळा एक पानी अर्ज केला. त्यात ना मारहाण, ना जेवण. फक्त हात, कधीपासून दुखतो ती तारीख, आणि तपासणीची मागणी.

कोर्टानं जेलकडून अहवाल मागवला आणि त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं सरळ लिहून दिलं की खरूज संसर्गजन्य आहे, बराकीतल्या सगळ्यांना एकाच वेळी औषध लावा, कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुवा. नाहीतर एकाची बरी होईल आणि दुसऱ्याकडून परत येईल. झालं. वीस-पंचवीस सह्यांनी जे पाणी आलं नाही ते एका माणसाच्या बोटांमुळे बराकीत आलं. किती दिवस टिकलं, हा प्रश्न वेगळा.

मागणी लहान ठेवा, असं मी सांगतो तेव्हा लोकांना ते शेपूट घालणं वाटतं. पण या विषयातले गाजलेले निकाल बघा. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे १९६२ पासून मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. आत बसून त्यांनी 'अणूच्या अंतरंगात' हे विज्ञानाचं मराठी पुस्तक लिहिलं आणि हस्तलिखित छपाईसाठी पत्नीकडे पाठवू द्या एवढंच मागितलं. सरकारनं नाही म्हटलं. मुंबई उच्च न्यायालयात सरकार हरलं, वर गेलं, आणि ६ सप्टेंबर १९६५ ला सर्वोच्च न्यायालयातही हरलं. स्थानबद्धतेच्या अटींमध्ये पुस्तक बाहेर पाठवायला मनाई नव्हती. अटींत नसलेलं बंधन सरकारला मनानं घालता येत नाही, असा त्याचा अर्थ. जेलवाले तोंडी "चालत नाही" म्हणतात तेव्हा मी लोकांना हेच विचारायला सांगतो: कोणत्या नियमात? लिहून द्या.

अलीकडचं उदाहरण गौतम नवलखा यांच्या चष्म्याचं. तळोजा कारागृहात त्यांचा चष्मा चोरीला गेला, घरच्यांनी दुसरा पाठवला तर पार्सल परत गेलं, अशी तक्रार होती. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. एस. एस. शिंदे आणि न्या. एम. एस. कर्णिक यांच्या खंडपीठानं माणुसकी सगळ्यांत महत्त्वाची असल्याचं सुनावलं आणि तुरुंग अधिकाऱ्यांसाठीच कार्यशाळा घ्यायला हवी, असं म्हटलं. पण लहान मागणी लवकर सुटतेच असंही नाही. त्याच कारागृहात कंपवातानं हात थरथरणाऱ्या ८३ वर्षांच्या फादर स्टॅन स्वामींनी पेला धरता येत नाही म्हणून स्ट्रॉ आणि सिपर मागितला, तेव्हा तपास यंत्रणेनं उत्तर द्यायला २० दिवसांची मुदत मागून घेतली. स्ट्रॉसाठी २० दिवस! तरीही त्या क्षुल्लक वस्तूमुळेच तो अर्ज देशभर पोचला. "तुरुंगात सोयी नाहीत" असं मोघम लिहिलं असतं तर कुणाला आठवला असता?

मोठे दावे करूच नयेत असं मात्र मी म्हणत नाही. ते कुणी करायचे आणि त्यांना किती काळ लागतो, हे माहीत असावं. कैद्याच्या पत्राला याचिका मानायची रीत जुनी आहे. तिहारमधून सुनील बात्रा यांनी दुसऱ्या एका कैद्याच्या छळाबद्दल पत्र लिहिलं, त्यावर १९७९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगात तक्रारपेट्या ठेवा, न्यायाधीशांनी स्वतः जाऊन बघा, असे आदेश दिले. मुंबईत पत्रकार शीला बारसे यांनी कोठडीतल्या बायकांची हकीकत पत्रानं कळवली, तेव्हा न्यायालयानं निर्मला निकेतनच्या संचालिकेला आत पाठवून अहवाल मागवला, आणि फेब्रुवारी १९८३ च्या निकालात बायकांसाठी वेगळी कोठडी आणि महिला पोलिसांचा पहारा सांगितला. २०१७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. अभय ओक यांच्या खंडपीठानं 'जन अदालत' या संस्थेची जनहित याचिका आणि एका कैद्याचं पत्र यांवर निकाल देताना राज्यातल्या तुरुंगांच्या गर्दीची दखल घेतली, पाहणीसाठी समिती नेमायला सांगितलं. तिकडे कॅलिफोर्नियात कैद्यांच्या उपचारांचे दावे १९९० आणि २००१ मध्ये सुरू झाले. गर्दी क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांवर आणा, या आदेशावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाची मोहोर उठली २०११ मध्ये.

एवढ्या वर्षांत आपला माणूस सुटून घरी आलेला असतो. आमचाही आला. त्याबरोबर त्याचा अर्ज "आता प्रश्न उरत नाही" म्हणून निकाली निघाला आणि संडासाच्या दाराशी दुसऱ्या कुणाची तरी पथारी पडली. एकट्याचा अर्ज त्याच्याबरोबर संपतो. बराकीचा प्रश्न संस्थेनं किंवा जनहित याचिकेनंच लावून धरावा लागतो. घरच्यांनी त्यात शिरायचं तर सुटल्यावर प्रतिज्ञापत्र द्यायची तयारी ठेवावी. सुटलेला माणूस निर्भयपणे बोलू शकतो, पण तेव्हा तो बोलत नाही, शेताला लागतो. आमच्यानंही तेच केलं.

पैसे नाहीत म्हणून कुणी थांबू नये. कोठडीतल्या प्रत्येकाला, तो कितीही कमवत असो, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ खाली मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, नाहीतर १५१०० वर फोन करा. राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रारीला फी नाही, पण घटनेपासून एका वर्षाच्या आत करा. वर्ष उलटल्यावर आलेल्यांना परत पाठवताना वाईट वाटतं. माहितीच्या अधिकारात एरवी ३० दिवस लागतात, मात्र जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते. अर्जाच्या डोक्यावरच तसं ठळक लिहा. एवढ्यानं भागलं नाही तर उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ आहेच.

व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर, तारीख असेल तर सावध राहा. पडद्यावर आपला माणूस दिसतो, पण त्याच्या बाजूला कोण उभं आहे ते दिसत नाही. त्यानं "काही तक्रार नाही" म्हटलं की तेच नोंदलं जातं. मारहाण झाली असेल तर वकिलाकरवी प्रत्यक्ष हजर करण्याची मागणी करा आणि वैद्यकीय तपासणी त्याच दिवशी मागा, वळ आठवड्यात जातात. झाली नसेल तर लिहू नका. एक खोटी ओळ सापडली की खऱ्या दहा ओळी वाया जातात.

आणि एक, जे आमच्या भागात वारंवार लागतं. जात बघून आत झाडलोट किंवा संडास साफ करायला लावत असतील, किंवा पारध्याचा आहे म्हणून सराईत धरत असतील, तर ३ ऑक्टोबर २०२४ चा सुकन्या शांता खटल्याचा निकाल अर्जात नावानिशी घाला. तुरुंगाच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढा, असं सर्वोच्च न्यायालयानं त्यात सांगितलंय.

भरपाई किती मिळेल, असं बरेच जण बसल्या बसल्या विचारतात. कोठडीत मृत्यू झाला तर सरकारला भरपाई द्यायला लावता येते, हे १९९३ च्या निलाबती बेहेरा निकालापासून पक्कं आहे. गर्दी आणि पाण्यासाठी पैशांची आशा धरून येऊ नका.

येताना कैदी क्रमांक, केस नंबर आणि पुढची तारीख आणा. त्रास कधी सुरू झाला, आत कुणाला सांगितलं, ते काय म्हणाले, हे मुलाखतीवरून आल्या आल्या एसटीतच वहीत लिहून ठेवा. घरी पोचेपर्यंत अर्धं विसरतं. अर्जाच्या तीन प्रती मी काढून देतो: एक कोर्टाला, एक वकिलाला, आणि तिसरीवर आवक-जावकचा शिक्का मारून ती घरी.