की-बोर्ड जिचा, तिच्याच हातात

चि. सोनू,


ताई फोनवर सांगत होती की तुम्ही काही मुली रात्री मेसहून आल्यावर एका खोलीत जमता आणि एकमेकींना प्रोग्रॅमिंग शिकवता. तुमच्यातली कुणीच आधी काही शिकलेली नाही, म्हणून तिला काळजी वाटते. त्यापेक्षा एखादा चांगला क्लास लावावा, असं तिचं म्हणणं. क्लास हवा तर लाव, पण ही बैठक मोडू देऊ नकोस. त्यासाठीच हे पत्र.

नुकतंच जिला उमगलं, तिला न उमगण्याची अवस्था अजून आठवत असते. पायथनमध्ये ‘इनपुट’ने घेतलेली संख्या ही संख्या नसते, नुसती अक्षरं असतात. आमच्यासारख्या जुन्या लोकांच्या हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सांगायची गरजच वाटत नाही. तुझ्या मैत्रिणीने 12 आणि 5 ची बेरीज मागितली आणि पडद्यावर 125 उमटलं, तर ती का चक्रावली हे सरांच्या आधी तुला कळेल, कारण तू परवाच तिथे अडली होतीस. हा फायदा फार दिवस टिकत नाही, तेवढ्यात तो एकमेकींना देऊन टाका.

आणि नवशिक्यांनी नवशिक्यांना शिकवणं ही काही अडचणीतली तडजोड नाही. या विद्येच्या सुरुवातीच्या काळातच तसं झालं. 1945 साली अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिॲक नावाचा संगणक उभा राहत होता. तोफगोळ्यांच्या मार्गाची गणितं हाताने करणाऱ्या मुलींमधून सहाजणींना त्या कामासाठी निवडलं: के मॅकनल्टी, बेटी स्नायडर, जीन जेनिंग्ज, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलास आणि रूथ लिक्टरमन. प्रोग्रॅमिंगची भाषा नव्हती, पुस्तक नव्हतं, शिकवणारं कुणी नव्हतं. युद्धकाळातल्या गुप्ततेमुळे यंत्राच्या खोलीत जायची परवानगीसुद्धा आधी नव्हती. हातात होते ते यंत्राचे आराखडे. त्यांनी जोड्या केल्या, यंत्राचे भाग वाटून घेतले आणि आपापला भाग समजला की तो बाकीच्यांना समजावून सांगितला. सुमारे अठरा हजार व्हॉल्व्हचं ते धूड त्या अशा शिकल्या.

बेटी आणि जीन यांची जोडी मला विशेष आवडते. एकीने दुसरीची चूक काढली की दोघींनाही आनंद व्हायचा, कारण तेवढा प्रोग्रॅम अचूकतेच्या जवळ गेला. 15 फेब्रुवारी 1946 ला यंत्र पाहुण्यांना दाखवायचं होतं आणि आदल्या संध्याकाळपर्यंत दोघींचा तोफगोळ्याच्या मार्गाचा प्रोग्रॅम एका जागी हटून बसला होता. गोळा जमिनीवर आदळला तरी गणित थांबेना. रात्री बेटीला कारण सुचलं. सकाळी येऊन तिने एक स्विच एका घराने सरकवला आणि प्रोग्रॅम जिथे थांबायला हवा तिथे थांबला. त्या दिवशी पाहुण्यांना या सहाजणींची ओळख करून दिली गेली नाही, हे मला आजही लागतं. त्यांची नावं तुमच्या बैठकीत प्रत्येकीला ठाऊक असू देत.

आता तुमच्याबद्दल. पहिला नियम असा करा की जिचा प्रोग्रॅम, की-बोर्ड तिच्याच हातात. मदत करणारीने त्याला बोट लावायचं नाही. ‘सरक जरा, मी करून देते’ म्हणण्यात प्रेम असतं हे मला कळतं, पण त्यात समोरची फक्त बघत राहते आणि व्हायव्हाला पुन्हा तिथेच अडते. त्याऐवजी विचार, ‘यातून काय यायला हवं होतं? आणि काय आलं?’ मग पहिल्या ओळीपासून तिला मोठ्याने सांगायला लाव: इथे कुठल्या व्हेरिएबलमध्ये किती आहे, लूपची ही फेरी संपल्यावर किती होईल. कागदावर रकाने आखून प्रत्येक फेरीची किंमत लिहा. निम्म्या वेळा सांगता सांगताच ती थबकेल आणि म्हणेल, ‘अगं, रेंजमध्ये 1 ते 10 लिहिलं की 9 लाच थांबतं!’ तिथे तू काहीही केलेलं नसशील, आणि तीच तुझी मदत.

मदत मागणारीलाही शिस्त हवी. ‘माझा प्रोग्रॅम चालत नाही’ एवढ्यावर कुणाला काही सांगता येत नाही. एरर पूर्ण दाखवायची, स्वतः काय करून पाहिलं ते सांगायचं आणि नडणारा भाग चार-पाच ओळींपर्यंत छाटून आणायचा. छाटतानाच बऱ्याचदा चूक सापडते.

तुमच्यातल्या काही मुली मराठी माध्यमातून आल्या आहेत आणि इंग्रजी एरर दिसली की खिडकीच बंद करून टाकतात, असं तू म्हणालीस. त्यावर उपाय आहे. एरर एकीने मोठ्याने वाचायची आणि दुसरीने मराठीत अर्थ सांगायचा. पायथनची एरर आली की आधी शेवटची ओळ वाचा, काय बिघडलं ते तिथे असतं; मग तिच्या वरच्या ओळींत कुठे बिघडलं ते पाहा. सी-मध्ये उलटं. तिथे सगळ्यात वरची एरर आधी दुरुस्त करा आणि पुन्हा कंपाइल करा, कारण खालच्या बऱ्याचशा तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात. एक सेमीकोलन राहिला तरी कधी कधी अनेक ओळी ओरडतात, आणि कंपायलर काही वेळा चुकलेल्या ओळीऐवजी तिच्या पुढच्या ओळीकडे बोट दाखवतो. महिनाभर असं वाचलंत की भीती जाईल, कारण त्याच दहा-वीस एरर फिरून फिरून येत असतात.

ताईच्या काळजीत तथ्य एवढंच, की नवशिक्या मुली चुकीची गोष्टही एकमेकींना ठामपणे सांगू शकतात. म्हणून कुणाचंही म्हणणं, तुझंसुद्धा, नुसतं मान्य करायचं नाही. तीन ओळींचा प्रोग्रॅम लिहा आणि चालवून बघा. वाद मिटवणारी इतकी निःपक्षपाती सोय फार थोड्या विषयांत असते. जे ठाऊक नाही तिथे ‘मला माहीत नाही, चल बघू’ असं सरळ म्हण. तू एकदा असं म्हटलंस, की मग बाकीच्यांनाही म्हणायला सोपं जाईल.

जर्नल छापण्याबद्दल थोडक्यात. सबमिशनच्या आदल्या रात्री तयार कोड मागायला कुणीतरी येईलच. तो देऊ नकोस, तिच्याशेजारी तासभर बस. चॅटजीपीटीकडूनही कोड जरूर मागा, पण त्यातली प्रत्येक ओळ बैठकीत समजावून सांगता आली तरच तो आपला म्हणा.

अजून एक बघ. प्रत्येक बैठकीत एकदोघी गप्प असतात. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्या हळूहळू पलंगाच्या कडेला सरकतात, मान हलवत राहतात आणि एक दिवस यायच्या बंद होतात. त्यांना बुद्धी कमी नसते, हाताला सराव मिळत नाही. त्यांना आधी की-बोर्डपुढे बसव. माझा जुना लॅपटॉप मी साफ करून ठेवला आहे. त्यात लिनक्स घातलं आहे, पायथन आणि सी-चा कंपायलर दोन्ही चालतात. बॅटरी फार टिकत नाही, तेव्हा चार्जर लावूनच वापरावा लागेल. पुढच्या आठवड्यात तुझे बाबा सांगलीला येतील, त्यांच्याबरोबर पाठवते. तो तुझ्याकडे ठेवू नकोस. ज्या मुलीकडे काहीच नाही तिच्या खोलीत राहू दे, आणि रात्री बैठकीला तिनेच घेऊन यावं.

तुझी,
मावशी