योगा मॅट घेताय? आधी स्वतःची उंची मोजा

दुकानात जाण्याआधी घरी दोन आकडे काढा. उंची इंचांत आणि वजन किलोंत. अंधेरीचा मॉल असो की मुलुंड स्टेशनबाहेरचं दुकान, मॅट या दोन आकड्यांवर ठरवायची. वेष्टनावर ‘फॉर मेन’ छापलंय म्हणून नव्हे. पुरुषांची म्हणून विकली जाणारी मॅट बहुतेक वेळा तीच नेहमीची असते, फक्त काळी किंवा करडी. त्या रंगाचे शंभर-दोनशे रुपये जास्त मोजू नका.

सर्रास मिळणारी मॅट ६८ इंच लांब, २४ इंच रुंद. तुम्ही पाच फूट आठ इंच असाल तर तीच तुमची उंची झाली. शवासनात टाचा फरशीवर जातात आणि अधोमुख श्वानासनात एक तरी पंजा बाहेर सरकतो. सोपा हिशेब असा की उंचीत चार इंच मिळवा. पाच-सहा ते पाच-आठपर्यंतच्यांनी ७२ इंची, त्यापुढच्यांनी साडेसहा फुटी, म्हणजे ७८ इंची मॅट मागा. दुकानदार म्हणेल, “साहेब, सगळे हीच नेतात.” नेऊ देत. खांदे रुंद असतील तर २६ इंच रुंदीची विचारा. समोर ठेवलेल्या मालात ती नसते, आतून काढून द्यावी लागते.

आता जाडी. इथे पुरुष हमखास फसतात. वजन ८० किलो, गुडघे टोचतात, म्हणून १० किंवा १३ मिलिमीटरची गादीसारखी मॅट उचलतात. ती एनबीआर नावाच्या फोमची असते. पोटाचे व्यायाम, क्रंचेस यांना ठीक. वृक्षासनात एका पायावर उभे राहिलात की पाऊल आत रुततं आणि घोटा डगमगतो. ६ मिलिमीटर घ्या, वजन कमी असेल तर ४ सुद्धा पुरते. गुडघ्यांसाठी घरातल्या सोलापुरी चादरीची चौपदरी घडी ठेवा. त्या घडीचं काम करणारी ‘नी पॅड’ नावाची वस्तू वेगळी विकली जाते. ती घेऊ नका.

जाडीवर डोळे झाकून विश्वास नको. मी एकदा ऑनलाइन ‘६ मिमी’ची मॅट मागवली. हाताला पातळ लागली म्हणून चार पदरी घडी घालून, न दाबता, कडेला शाळेतली पट्टी लावली. २४ मिलिमीटर भरायला हवी होती, १७ भरली. विक्रेत्याचं उत्तर आलं की उघडलेली मॅट आरोग्याच्या कारणास्तव परत घेत नाही. पट्टीसकट काढलेला फोटो पाठवल्यावर पैसे परत आले, पण अकरा दिवसांनी. तेव्हापासून पट्टी खिशात घेऊनच दुकानात जातो. दुकानदार हसतात. हसोत.

किमती साधारण अशा. ईव्हीए फोमची मॅट ३०० ते ६०० रुपये. हलकी, पण रोज वापरली तर वर्षाच्या आत हातापायांच्या जागी खड्डे पडतात. टीपीईची ८०० ते १,५००. उपनगरातल्या नेमाने योग करणाऱ्या माणसाला हीच पुरेशी. एनबीआर ६०० ते १,०००, वर सांगितलंच. नैसर्गिक रबरावर पॉलियुरेथेनचा थर असलेली २,५०० पासून पुढे, ५,००० च्या वरही. घामातही पकड सोडत नाही, मात्र वजन अडीच किलोच्या आसपास. रबराची अ‍ॅलर्जी असेल तर ती नकोच. कॉर्कची १,५०० पासून. ओलसर झाली की पकड वाढते, कोरड्या हाताला थोडी निसरडी. सुती सतरंजीसारखी मॅट ५०० ते १,५००. बसून करायच्या आसनांना आणि प्राणायामाला उत्तम, उभ्या आसनांत गुळगुळीत टाइल्सवर सरकते.

नव्याने सुरुवात करत असाल तर १,२०० च्या वर जाऊ नका. तीन महिने टिकलात तर पुढची बघू.

घाम हा मुंबईतला खरा निकष. दुकानात मॅट पूर्ण उलगडायला लावा, बाटलीतल्या पाण्याने तळवा ओला करा, मॅटवर टेकवा आणि पुढे ढकला. सरकला तर ती मॅट मे महिन्यात तुमच्या कामाची नाही. मग अंगठ्याने पाच सेकंद दाबून सोडा. खळगा लगेच भरून यायला हवा. शेवटी नाक लावा. थोडा वास नव्या मालाला असतोच, दोन-तीन दिवस पंख्याखाली ठेवला की जातो. डोकं धरेल असा उग्र वास असेल तर परत ठेवा.

कपड्यांचं बोलायचं तर ‘योगा वेअर’ची गरज नाही, पण तीन गोष्टी बघा. टी-शर्ट ढगळ नको. सर्वांगासनात तोच तोंडावर येतो. अंगाबरोबर बसणारा घ्या किंवा आत खोचा. अर्धी चड्डी घालत असाल तर आतून घट्ट अस्तर असलेलीच. साध्या बॉक्सर शॉर्ट्सवर हलासन करणाऱ्यांना मागच्या रांगेची कल्पना नसते. आतून लंगोट किंवा सपोर्टर असेल तर साधी ट्रॅकपँटही चालते. फक्त तिच्या मागच्या खिशाला चेन नको, पाठीवर झोपलात की ती टोचते. हे सगळं ५०० ते ९०० रुपयांत भागतं. मोजे नकोत. हातमोजेही नकोत, ते मॅटची पकड वाईट असल्याची कबुली असतात.

खुर्चीत आठ तास आणि लोकलमध्ये उभ्याने दोन, अशा माणसाचे मांड्यांमागचे स्नायू आखडलेले असतात. हात पायांपर्यंत पोचत नाहीत. म्हणून मॅटनंतर पैसे घालायचेच तर ठोकळ्यांवर घाला. फोमच्या ठोकळ्यांची जोडी २५० ते ५०० रुपये. एकच घेऊ नका, दोन्ही हातांना लागतो. पट्टा १५० ते ३०० ला मिळतो. उंच असाल तर सहा नव्हे, आठ फुटी. पण पट्ट्याआधी जुना पंचा पिळून वापरून बघा, बहुतेकांचं त्यातच भागतं. ‘बोल्स्टर’ म्हणून दीड-दोन हजारांना मिळणारी वस्तू म्हणजे आपला लोड. घरात असेल तर काढा.

काहीही घेण्याआधी ज्या वर्गाला जाणार तिथे एक फोन करा. १९१८ मध्ये वर्सोव्यात सुरू झालेली आणि आता सांताक्रूझ पूर्वेला असलेली द योग इन्स्टिट्यूट असो की तुमच्या सोसायटीच्या गच्चीवरचा वर्ग, विचारायचे प्रश्न तेच. मॅट तिथे मिळते का? ठेवायला जागा आहे का? मॅट वर्गातूनच घ्यावी लागते का? शेवटच्याचं उत्तर ‘हो’ आलं तर किंमत आणि लांबी लगेच विचारा, तीच मॅट बाहेर स्वस्त असू शकते. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीचा वर्ग असेल तर ठोकळे, पट्टे, ब्लँकेटं बहुधा वर्गातच असतात, आणि गुडघे शिक्षकांना दिसावेत म्हणून पुरुषांना अर्धी चड्डी घालायला सांगतात. ट्रॅकपँट आधीच घेऊन ठेवली असेल तर ते ५०० रुपये वाया. वर्गातली सामाईक मॅट वापरणार असाल तर स्वतःचा मोठा टॉवेल अंथरा. पावसाळ्यात गजकर्ण असंच पसरतं.

खरेदी कुठे? मापं आणि प्रकार भरपूर बघायचे असतील तर मेट्रो सिनेमाजवळचं धोबीतलाव. खेळाच्या सामानाची दुकानं ओळीने आहेत आणि घासाघीस चालते. रविवारी बरीच बंद असतात, म्हणून शनिवारी दुपारी जा. बोरिवली-घाटकोपरहून येण्याजाण्यात अर्धा दिवस जातो. तेव्हा एकाच मॅटसाठी जाऊ नका. सोसायटीतल्या चार-पाच जणांची एकदम घ्या आणि भाव पाडून मागा. मॉलमध्ये भाव ठरलेला, पण उलगडून बघू देतात आणि परत करणंही सोपं. स्टेशनबाहेरची दुकानं घाईच्या वेळी सोयीची. तिथे ६८ इंचीच जास्त. दहा मिनिटांत घरपोच देणारी अ‍ॅप्स मॅटसाठी टाळा. निवड दोन-तीनच असते आणि हाताळणी शुल्क वर.

लपलेले खर्च इथेच सुरू होतात. ऑनलाइनला घरपोच शुल्क, रोखीने देण्याचं शुल्क, प्लॅटफॉर्म शुल्क. ९९९ ची मॅट ‘पैसे भरा’च्या पानावर १,१२० ची झालेली दिसली तर गाडी मागे घ्या. चित्रात दिसणारा खांद्याचा पट्टा आणि पिशवी पुष्कळदा मिळत नाही. ‘बॉक्समध्ये काय’ हे वाचा. पिशवी वेगळी घेतली तर २०० ते ४०० रुपये. लोकलने जाणार असाल तर ती पूर्ण झाकणारी हवी. नुसत्या पट्ट्यात अडकवलेली मॅट अंधेरीच्या पुलावर चार खांद्यांना घासते आणि तीच बाजू तुम्ही संध्याकाळी तोंडाखाली घेता. रबराची अडीच किलोंची मॅट लॅपटॉपच्या बॅगेबरोबर रोज नेणं आठवडाभरही होत नाही. दुकानातल्या कॅरीबॅगचे पैसे आधी न सांगता बिलात लावले तर नकार द्या. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये ही अनुचित प्रथा ठरवली आहे. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, तेव्हा ‘प्लस जीएसटी’ ऐकून घेऊ नका. छापील किमतीवर जास्तीच्या आकड्याचं स्टिकर दिसलं तर ते नखाने उचलून बघा.

देखभालीला खर्च नाही. ‘मॅट स्प्रे’ नको. सौम्य साबणाच्या पाण्यात फडकं पिळून पुसा आणि पंख्याखाली वाळवा. उन्हात दोरीवर टाकली तर फोम आणि रबर दोन्ही तडकतात. जून ते सप्टेंबर ओली मॅट गुंडाळून कपाटात ठेवू नका, चार दिवसांत काळे ठिपके येतात.

बिल मागाच. २०० रुपयांच्या आतल्या खरेदीलाही, तुम्ही मागितलं तर, जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानदाराला ते द्यावं लागतं. मालात दोष निघाला तर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी चालत नाही. बिलावर परतीची मुदत लिहिलेली नसेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ३० दिवस मिळतात. लक्षात घ्या, हे दोषासाठी आहे; रंग आवडला नाही म्हणून नव्हे. दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानेही भागलं नाही तर उपनगर जिल्ह्याचा ग्राहक आयोग वांद्रे पूर्वेला आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. जवळ हवं बिल, वेष्टनावरच्या मजकुराचा फोटो आणि पट्टी लावून काढलेला मॅटचा फोटो.

बिलाचा फोटो मात्र त्याच दिवशी काढून ठेवा. आयोगाकडे जायची मुदत दोन वर्षांची आहे, आणि थर्मल कागदावरची छपाई त्याच्या कितीतरी आधी उडते.