डी ड्राइव्हला कोणती फाइल सिस्टिम द्यावी?

प्रश्न : मी मुनिरक्यात खोली घेऊन राहते आणि जेएनयूत संशोधन करते. नुकताच नेहरू प्लेसमधून नवा लॅपटॉप घेतला. त्यातला ५१२ जीबीचा एसएसडी एकाच सी ड्राइव्हमध्ये आहे. विंडोजसोबत लिनक्सही टाकायचं आहे. दुकानदार म्हणाला, ‘डी ड्राइव्ह फॅट३२ करा, कुठेही चालतो.’ मैत्रिणी एक्सफॅट सुचवतात. शिवाय माझ्या जुन्या फॅट३२ डिस्कवर लोककलाकारांच्या मुलाखतींचे व्हिडिओ आहेत. तिच्यात जागा असूनही मोठी फाइल जात नाही. आतलं काही न पुसता ती बदलता येईल का?
— एक वाचक, मुनिरका, नवी दिल्ली

उत्तर : डी ड्राइव्ह एनटीएफएस करा, लिनक्सला स्वतंत्र भाग ईएक्सटी४ मध्ये द्या आणि एक्सफॅट पेनड्राइव्हपुरती ठेवा. जुनी डिस्क काही न पुसता बदलता येते, पण आधी तिची प्रत काढा.

दुकानदाराचा सल्ला एके काळी बरोबर होता. फॅट३२ आली १९९६ साली, विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर. तेव्हा घरगुती संगणकाची अख्खी हार्ड डिस्कच एक-दोन जीबीची असे. या पद्धतीत फाइलची लांबी ३२ बिटांत नोंदवली जाते, त्यामुळे एका फाइलची कमाल मर्यादा ४,२९,४९,६७,२९५ बाइट, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. तासाभराची चांगल्या दर्जाची मुलाखत ही मर्यादा सहज ओलांडते. तुमची डिस्क बिघडलेली नाही.

एक्सफॅटमध्ये ही अडचण नाही. मायक्रोसॉफ्टने ती २००६ मध्ये आणली, २०१९ मध्ये तिचा तपशील जाहीर केला आणि आता विंडोज, मॅक, लिनक्स तिघंही ती वाचतात, तिच्यावर लिहितात. तरीही रोजच्या कामाच्या ड्राइव्हसाठी मी ती सुचवणार नाही, कारण तिच्यात जर्नल नसतं. एनटीएफएस आणि ईएक्सटी४ आपल्या रचनेत बदल करण्याआधी ‘आता हे करणार आहे’ अशी नोंद ठेवतात. मध्येच बॅटरी संपली, लॅपटॉप बंद पडला, तर पुढच्या वेळी त्या नोंदीवरून रचना सावरली जाते. एक्सफॅटला हा आधार नाही. वर्षानुवर्षं जमवलेल्या मुलाखतींसाठी हा धोका पत्करू नका.

एनटीएफएस १९९३ पासून विंडोज एनटीबरोबर आहे. लिनक्स तिच्यावर बऱ्याच काळापासून लिहू शकतं आणि लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नेलच्या, २०२१ मधल्या ५.१५ आवृत्तीपासून त्यासाठी नवा ड्रायव्हर कर्नेलमध्येच आला आहे. मात्र विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असताना शट डाउन केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही आणि मग लिनक्स तो ड्राइव्ह बहुधा फक्त वाचण्यासाठी उघडतं. लिनक्समधले प्रोग्रॅम आणि कोड मात्र ईएक्सटी४ मध्येच ठेवा. लिनक्सच्या परवानग्या तिथे नीट टिकतात.

सी ड्राइव्हची जागा विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मधूनच कमी करा. नव्या लॅपटॉपवर ड्राइव्ह कुलूपबंद करणारं बिटलॉकर बरेचदा आपोआप सुरू असतं. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा. ‘डिस्क मॅनेजमेंट’च्या यादीत एक छोटा फॅट३२ भाग दिसेल. लॅपटॉप सुरू होतो तो त्याच्यावरून, त्याला हात लावू नका.

आता जुनी डिस्क. विंडोजमध्ये ‘कन्व्हर्ट’ ही आज्ञा आहे. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ड्राइव्हचं अक्षर दिलं की ती फॅट३२ चं एनटीएफएस करते आणि फायली जागच्या जागी राहतात. मात्र हा रस्ता एकतर्फी आहे. एनटीएफएसवरून फॅट३२ कडे परतायचं तर फॉरमॅटच करावं लागतं. एक्सफॅटला तर ही आज्ञा चालतच नाही. चालू कामात केबल निघाली, वीज गेली, तर फायली हातच्या जाऊ शकतात, म्हणून प्रत आधी. एखादी मैत्रीण मॅक वापरत असेल, तर तिला ही डिस्क नंतर वाचता येईल, पण डिस्कवर काही लिहिता येणार नाही. तिला फायली पेनड्राइव्हने द्या.

मराठीत फायलींना नावं देणाऱ्यांनी एक गोष्ट जपावी, आणि ती फार कमी ठिकाणी सांगितली जाते. एनटीएफएसमध्ये नाव २५५ चिन्हांपर्यंत चालतं. ईएक्सटी४ मध्ये मर्यादा २५५ बाइटची आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे तीन बाइट घेतं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं, त्यातही काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजायचे. नुसत्या ‘महाराष्ट्र’ या शब्दाला १० चिन्हं, ३० बाइट लागतात. कलाकाराचं नाव, गाव, कलाप्रकार, तारीख असं सगळं फाइलच्या नावात कोंबलं असेल, तर विंडोजवर गुण्यागोविंदाने राहणारी फाइल लिनक्समध्ये उतरताना अडते. नावं आखूड ठेवा आणि तपशील वेगळ्या तक्त्यात लिहा.

हे सगळं करण्याआधी मुलाखतींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा आणि चार-दोन फायली तिथून उघडून पाहा. एसएसडीवर फॉरमॅट केलेला भाग बहुतेक वेळा परत मिळत नाही.