कृत्तिकांचा गुच्छ

जयपूरच्या जंतरमंतर वेधशाळेतील भव्य यंत्रे सवाई जयसिंह यांनी अठराव्या शतकात उभारली. त्यांच्या पदरी असलेले महाराष्ट्रीय पंडित जगन्नाथ सम्राट यांनी टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ अरबीतून संस्कृतात आणला. तारा आकाशात कोठे आहे, हे वेध घेऊन कळते. तो तेथेच का आहे, हे समजण्यासाठी गुरुत्वाकर्षणाचा विचार करावा लागतो.

हिवाळ्यातील रात्री कृत्तिकांचा झुबका तुम्ही पाहिला असेल. नुसत्या डोळ्यांनी त्यात सहा-सात तारे दिसतात. प्रत्यक्षात सुमारे ४४० प्रकाशवर्षे दूर असलेल्या या तारकागुच्छात हजाराहून अधिक तारे आहेत. जड, तेजस्वी तारे मध्याजवळ एकवटले आहेत. हलके, मंद तारे दूरवर विखुरले आहेत. ही विभागणी कोणी केली?

सुपात धान्य पाखडताना जड दाणे मागे राहतात व हलका कोंडा उडून जातो. गुच्छातही असेच घडते. मात्र तेथे वारा नाही आणि पाखडणारा हातही नाही. जड तारा अधिक जोराने ओढला जातो म्हणून मध्याकडे जातो, असे आपल्याला वाटेल. पण ते बरोबर नाही. हवेचा अडथळा नसेल, तर जड व हलकी वस्तू सारख्याच वेगाने खाली येतात.

खरे कारण ऊर्जेच्या देवाणघेवाणीत आहे. तारे एकमेकांजवळून जाताना परस्परांना ओढतात. अशा असंख्य भेटींत जड तारा आपली गतिज ऊर्जा हलक्या ताऱ्यांना देत जातो. त्याची गती मंदावते आणि तो मध्याकडे सरकतो. हलक्या ताऱ्याचा वेग वाढतो व तो बाहेर जातो. ताऱ्याची गती अशी रोखली जाते, हे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी १९४३ मध्ये गणिताने दाखवून दिले.

या क्रियेला कोट्यवधी वर्षे लागतात. वेग फार वाढलेले हलके तारे गुच्छ कायमचा सोडून जातात. एकेक तारा असा निघून गेल्याने गुच्छाचे बंधन सैल होते. सुमारे पंचवीस कोटी वर्षांनी कृत्तिकाही विखुरलेल्या असतील. आज आपल्याला स्थिर भासणारा हा झुबका म्हणजे एका दीर्घ प्रवासातील केवळ एक क्षण आहे.

स्वाध्याय
१. जड तारे मध्याकडे का सरकतात, ते तुमच्या शब्दांत लिहा.
२. सुपाचा दृष्टान्त येथे कोठे लागू पडतो व कोठे अपुरा ठरतो?