मालिश करून घ्यायला जाताय? आधी दर विचारा

मालिश आपल्याकडे घरातच होत आली. बाळ-बाळंतिणीला चोळायला बाई येते, नरक चतुर्दशीला तेल-उटणं होतं, कटिंगच्या दुकानात दाढी झाली की चंपी मिळते. त्यामुळे वेळ ठरवून, पैसे मोजून, अनोळखी माणसाकडून सगळं अंग चोळून घ्यायचं म्हटलं की माणूस अवघडतो. कपडे किती काढायचे, बिल किती होईल, हे विचारायची लाज वाटते. खिशाला चाट बसते ती या लाजेपायीच.

जायच्या आधी एक ठरवा: दुखणं बरं करायचंय की नुसता थकवा घालवायचाय? कापूस वेचणीच्या हंगामात कंबर धरली, पायात मुंग्या येतात, खांदा वर उचलत नाही, अशी तक्रार असेल तर मालिशवाला शोधू नका. अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट गाठा. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केसपेपर काढला तर खर्चही आटोक्यात राहतो. आयुर्वेदाने जायचं असेल तर पंचकर्म केंद्र. तिथे आधी वैद्य तपासतो आणि मगच अभ्यंग लिहून देतो. न तपासता थेट टेबलावर झोपवणारं केंद्र मी तरी टाळेन. वैद्य बीएएमएस आहे का आणि त्याची महाराष्ट्र काउन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यात काही वावगं नाही. आयुर्वेद महाविद्यालयांच्या रुग्णालयांत पंचकर्म विभाग असतोच, आणि यवतमाळ शहरात डी.एम.एम. आयुर्वेद महाविद्यालय आहे. खासगी केंद्राचा दर कळल्यावर तिथलाही विचारून पाहा.

आता पैशाचं. दर केंद्रागणिक बदलतात, पण जिल्ह्याच्या गावात सर्वांग अभ्यंग आणि वाफ मिळून एका वेळेला साधारण ५०० ते १,२०० रुपये धरून चला. शिरोधारा, म्हणजे कपाळावर तेलाची धार, वेगळी; तिचे ८०० ते १,५०० रुपये. नागपूर-पुण्याच्या चांगल्या स्पामध्ये तासाभराच्या मसाजला २,००० ते ३,५०० सहज लागतात. पण फलकावरचा आकडा हा पूर्ण आकडा नसतो. तपासणी फी वेगळी आहे का? साध्या तिळाच्या तेलाचा हा दर, आणि महानारायण तेल घेतलं तर वाढीव, असं आहे का? वाफ यातच की वरून? हे तीन प्रश्न फोनवरच विचारा आणि शेवटी म्हणा, ‘सगळं धरून किती होतील ते सांगा.’

कराची गंमत वेगळीच. मान्यताप्राप्त वैद्याने उपचार म्हणून केलेल्या पंचकर्माला जीएसटी लागत नाही. स्पा किंवा सलूनमधल्या मसाजला लागतो. तो पूर्वी १८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. म्हणजे २,५०० च्या मसाजला १२५ रुपये कर. कोणी अजून १८ टक्के लावत असेल तर जाब विचारा. बिलावर जीएसटी क्रमांकच नसेल तर कराचा एक रुपयाही देऊ नका. आरोग्य विम्यावर विसंबू नका. स्पामधले उपचार बहुतेक पॉलिसींत वगळलेलेच असतात.

पुसद, उमरखेड किंवा वणीहून यवतमाळला येणाऱ्याने एसटीचं भाडंही हिशेबात धरावं. बायकांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास फुकट.

प्रत्यक्षात काय होतं? पोटभर जेवून जाऊ नका, जेवणानंतर दोन-तीन तास मोकळे जाऊ द्या. अजीर्ण असताना अभ्यंग करू नये, हे वाग्भटानेही सांगून ठेवलंय. दागिने घरी ठेवा. जुने कपडे आणि जुना टॉवेल न्या, कारण तेलाचे डाग निघत नाहीत. खोलीत एक लाकडी द्रोणी असते: लांबट, कडा उचललेल्या, सांडलेलं तेल वाहून जायला एका टोकाला भोक. तुम्हाला लंगोट किंवा कागदी चड्डी मिळते, बाकी अंगावर पंचा. जेवढं काढायला नको वाटतं तेवढं काढू नका. कोणी आग्रह करत असेल तर उठून या. पुरुषाला पुरुष आणि बाईला बाई, हा पंचकर्म केंद्रांतला सर्वसाधारण रिवाज. तो पाळला जातो का, हे वेळ ठरवतानाच विचारा. बाईसोबत घरच्या बाईला बाहेर बसू देत नसतील तर ते केंद्र सोडा.

तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करतात. डोकं, कान, तळपाय यांपासून सुरुवात होते, मग अर्धा ते पाऊण तास सगळं अंग. कधी दोघंजण दोन बाजूंनी एका लयीत चोळतात. ‘जोर जास्त होतोय’ म्हणायला संकोच करू नका. सोसत पडून राहणाऱ्याचे दुसऱ्या दिवशी स्नायू धरतात. मग वाफेची पेटी, डोकं बाहेर, पाच-दहा मिनिटं. घेरी आल्यासारखं वाटलं की लगेच सांगा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा वाफ टाळली तर बिघडत नाही. शेवटी डाळीचं पीठ लावून गरम पाण्याने अंघोळ. तळपाय नीट पुसा: ओल्या फरशीवर तेलकट पायाने लोक हमखास घसरतात, आणि तसल्याच पायाने मोटारसायकलचा ब्रेक दाबणं त्याहून वाईट.

ताप, अंगावर चट्टे किंवा जखम, नुकतंच मोडलेलं हाड, ताब्यात नसलेला रक्तदाब, रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण यांपैकी काही असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय जाऊ नका. एका पायाच्या पोटरीला अचानक सूज येऊन दुखत असेल तर ती मुळीच चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटली तर थेट फुप्फुसात जाते. आणि कुठेही, अगदी ओळखीच्या न्हाव्याकडेही, मान कडकन मोडू देऊ नका. मानेतली रक्तवाहिनी फाटून अर्धांगवायू झालेली माणसं डॉक्टरांनी पाहिली आहेत. चंपी घ्या, मान हलवू देऊ नका.

उठताना हमखास ‘सात दिवसांचं पॅकेज घ्या, सवलत देतो’ असं ऐकू येईल. पहिल्याच दिवशी घेऊ नका. अंग मोकळं आणि ढिलं असतं, अशा वेळी माणूस पाच-सहा हजारांना सहज हो म्हणतो. दोन दिवस अंग कसं वाटतं ते पाहा, मग ठरवा. टीप द्यायचीच तर चोळणाऱ्याच्या हातात द्या; सक्ती कसलीच नाही.

पावती मात्र मागून घ्या. ठरल्यापेक्षा जास्त पैसे घेतले किंवा पॅकेजचे पैसे बुडवले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथे काम झालं नाही तर यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी पडत नाही.