सुई घेण्याआधी कागद मागा

खांदा दुखतो म्हटलं की आमच्या आंबिवलीत हमखास सल्ला मिळतो, ‘एक सुई घेऊन टाका, मोकळं होईल.’ सांगणारे मनापासून सांगतात. मोहने-आंबिवली हा कष्टकऱ्यांचा पट्टा. इथला एनआरसी कारखाना २००९ साली बंद पडला, पण तिथे उभा जन्म राबलेली माणसं अजून इथेच आहेत. ज्यांनी मुंबईची नोकरी धरली, त्यांनी कसारा-टिटवाळा लोकलमध्ये कडीला हात अडकवून वर्षं काढली. मी त्या दुसऱ्यांपैकी. सुईला माझा विरोध नाही, मला तिचा फायदाही झाला आहे. पण ती डोळे झाकून घेऊ नये, हे मी पोटतिडकीने सांगते.

माझा उजवा खांदा हळूहळू धरत गेला. फळीवरचा डबा काढता येईना, वेणी घालताना हात डोक्यापर्यंत पोचेना, त्या कुशीवर झोप लागेना. हात फिरवला की आत करकर वाजायचं. अशा अवस्थेत मी कल्याणच्या एका दवाखान्यात गेले. हात जेमतेम वर करून पाहिला आणि लगेच इंजेक्शन दिलं. मला मधुमेह आहे का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, कुणी विचारलं नाही. कोणतं औषध दिलं, किती दिलं, हेही कागदावर लिहिलं नाही.

संध्याकाळपर्यंत हात हलका वाटला, रात्री पुन्हा ठणका सुरू झाला. दुसऱ्या दिवसापासून घशाला कोरड पडली, लघवीला सारखं जावं लागलं. घरच्या मशीनवर साखर तीनशेच्या वर. मधुमेहाच्या गोळ्या तर वेळेवर चालू होत्या, मग साखर चढली कशाने, ते कुणाला कळेना. घरातले सगळे धास्तावले.

उत्तर नंतर दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे मिळालं. ते इंजेक्शन बहुधा स्टिरॉइडचं होतं. सांध्यात दिलेलं स्टिरॉइड थोडंफार रक्तात उतरतं आणि मधुमेह्यांची साखर काही दिवस, कधी आठवडाभरही वाढवतं. म्हणून सुई घ्यायलाच नको असं नाही, फक्त आधी सांगायला हवं, म्हणजे त्या दिवसांत साखर तपासता येते आणि डॉक्टरांना विचारून औषध कमीजास्त करता येतं. त्या रात्रीच्या ठणक्याचं कारणही साधं निघालं. स्टिरॉइडसोबत बहुतेक वेळा भुलीचं औषध असतं, ते काही तासांत उतरतं. स्टिरॉइडचा गुण मात्र दोन-चार दिवसांनी दिसू लागतो. मधल्या वेळात माणूस घाबरतो आणि पुन्हा सुई घ्यायला धावतो.

या डॉक्टरांनी आधी एक्स-रे काढायला लावला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण खांदेदुखी एका प्रकारची नसते. सांध्यातली कूर्चा झिजली तर तो संधिवात. सांध्याभोवतीचं आवरण आखडलं तर फ्रोझन शोल्डर, आणि तो मधुमेह्यांमध्ये जास्त दिसतो. स्नायूंची दोरी फाटली तर आणखी तिसरंच. वरवर लक्षणं सारखी, उपाय वेगळे. आणि डावा खांदा अचानक दुखून घाम फुटला, छाती भरून आली, दम लागला, तर खांद्याचा विचार सोडून तडक मोठं हॉस्पिटल गाठावं, ते हृदयाचं असू शकतं.

माझी झीज निघाली. स्टिरॉइडने झिजलेली कूर्चा पुन्हा उगवत नाही, फक्त सूज आणि वेदना उतरतात, त्याही काही आठवडे ते काही महिने. १९४८ साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी आमवाताच्या (रूमॅटॉइड संधिवाताच्या) रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिलं, तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली. १९५० साली त्यांना नोबेल मिळालं. दुष्परिणाम त्यानंतर कळत गेले. म्हणून आता दोन सुयांमध्ये निदान तीन महिने अंतर ठेवतात, वर्षात तीन-चारच्या पुढे सहसा जात नाहीत, आणि सांधा बदलायचा असेल तर शस्त्रक्रियेआधीचे तीन महिने सुई टाळतात. इथेच माझी अडचण झाली. आधीचं औषध, मात्रा, काहीच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे पुढची सुई लांबवावी लागली.

ती अखेर सोनोग्राफीच्या मशीनवर बघत दिली. खांद्याचा मुख्य सांधा खोल असतो, नुसत्या अंदाजाने सुई बाजूला जाऊ शकते. तिचा गुण आला. आलेली उसंत मी व्यायामाला दिली: वाकून हात सैल सोडून झुलवणं, भिंतीवर बोटांनी चढणं, फिजिओथेरपिस्टने शिकवलेलं बाकीचं. दुखणं कमी असतानाच हे जमतं, आणि सुईचा खरा उपयोग तोच.

अलीकडे महागड्या सुयांची पॅकेजं निघाली आहेत. पीआरपीमध्ये आपलंच रक्त यंत्रात फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग सांध्यात सोडतात. खांद्याच्या झिजेवर त्याचा पुरावा अजून तोकडा आहे. वंगणाचं म्हणून देतात त्या हायलुरोनिक अ‍ॅसिडला अमेरिकेत गुडघ्यासाठी मान्यता आहे, खांद्यासाठी नाही. ‘स्टेम सेल’ने सांधा नवा करून देतो म्हणणाऱ्याच्या पायऱ्या चढूच नका. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे काही आजार सोडले, तर संशोधनाच्या चाचणीबाहेर असे उपचार देणं गैर आहे. दागिना गहाण ठेवून असली सुई घेण्यापेक्षा सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय किंवा परळचं केईएम गाठावं, तिथे हाडांच्या विभागात नीट तपासून घेता येतं.

सुईनंतर ताप आला, सांधा लाल-गरम झाला, दुखणं दिवसेंदिवस वाढत गेलं, तर थांबू नका. सांध्यात जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तो तातडीचा आजार असतो.

आणि सुई घेण्याआधीच औषधाचं नाव, मात्रा, तारीख आणि कोणत्या सांध्यात देणार, हे केसपेपरवर लिहून मागा. लिहून देत नसतील, तर तिथे सुई घेऊ नका.