वायर गेली, शिस्त राहू दे

नाशिक

चि. निखिल,

यावलला तू फर्निचर आणि फॅब्रिकेशनचं दुकान मांडलंस, आणि ड्रिल, ग्राइंडर सगळं बॅटरीवरचं घेतलंस, हे ताईकडून कळलं. निर्णय योग्य आहे. लाईट गेली तरी काम अडत नाही, केळीच्या मळ्यात शेड उभारायची असली तरी लांबलचक वायर ओढत न्यावी लागत नाही. पण ती वायर नुसती वीज आणत नव्हती. चकती बदलायची तर आधी प्लग काढायचा, ही सवय तिनेच लावली होती. आता काढायला प्लग उरला नाही आणि वीज थेट मुठीत येऊन बसली. म्हणून माझं सांगणं एवढंच: इथून पुढे बॅटरी हाच तुझा प्लग. बिट बदलताना, चकती घट्ट करताना, अडकलेला बिट सोडवताना, हत्यार पिशवीत टाकताना बॅटरी आधी बाहेर आली पाहिजे.

तू म्हणशील, १८ व्होल्टचा शॉक तो काय लागणार? बॅटरीचा शॉक लागत नाही हे खरं, पण अपघात व्होल्टेज बघून होत नाहीत. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ८,५०० फेरे घेत असेल, तर चकतीची कड ताशी १६० किलोमीटरच्या वेगाने धावत असते. त्या वेगाने सुटलेला तुकडा वायरवाल्या ग्राइंडरचा की बॅटरीवाल्याचा, हे डोळा विचारत नाही. म्हणून गार्ड काढायचा नाही आणि चष्मा विसरायचा नाही. लाकूड कापायला ग्राइंडरवर दाताचं पातं लावण्याची खोड अनेक कारागिरांना असते, तिच्या वाटेला जाऊ नकोस. दात लाकडात रुतला की हत्यार उलटं अंगावर येतं, आणि त्या कामासाठी ते घडवलेलंच नाही. भिंतीला भोक पाडताना आत २३० व्होल्टची चालू वायर असू शकते. बिट तिला लागला तर चकपर्यंतचं सगळं लोखंड जिवंत होतं, मग बॅटरी कितीही व्होल्टची असो. हातमोजे घातले की झालं, असंही नाही. ड्रिलच्या फिरत्या बिटात सैल मोजा गुंडाळला की तो बोटांसकट ओढला जातो.

दुसरा धोका आपल्या हवेचा. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा संकेत आहे, आणि जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा त्याच्या आसपास जातो. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडीच्या डिक्कीत तो त्याहून वर जाणार. त्यातून नुकतीच वापरलेली बॅटरी आधीच तापलेली असते. ती तशीच चार्जरला लावली तर आतली रसायनं झिजतात, बॅटरी लवकर बसते आणि क्वचित पेटतेही. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-तासाच्या एका बॅटरीत लीटरभर पाणी ६० अंशांनी तापवण्याइतकी ऊर्जा असते. खिशातले स्क्रू तिच्या उघड्या टोकांना भिडले तर तीच ऊर्जा भलत्या वाटेने बाहेर पडते. तेव्हा बॅटरी हाताला गार लागेपर्यंत थांब. चार्जिंग धाब्याच्या घरातल्या थंड खोलीत, फरशीवर, जागेपणी कर. भुसा आणि थिनर जवळ नकोत. महिनाभर वापरायची नसेल तर अर्धी भरलेली ठेव.

यावर तुझे दोन आक्षेप ठरलेले असणार. पहिला वेळेचा: गिऱ्हाईक डोक्यावर उभं असताना बॅटरी गार व्हायची वाट कोण बघणार? त्याचा उपाय जास्तीची एक बॅटरी, म्हणजे एक चालते तोवर दुसरी निवते. दुसरा पैशाचा: कंपनीच्या बॅटरीच्या निम्म्या किमतीत बाजारात तशीच दिसणारी मिळते, तीही २१ व्होल्टची. आकड्याला भुलू नकोस. पाच सेल पूर्ण भरले की प्रत्येकी ४.२ प्रमाणे २१ व्होल्ट होतात आणि काम करताना तेच सरासरी १८वर येतात, म्हणजे माल एकच. खरा फरक आत असतो. सेल फार तापले किंवा फार उतरले की वीज तोडणारं सर्किट स्वस्त बॅटरीत आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही. आगीपासून वाचवणारा भाग तोच असल्याने बचत तिथे करायची नाही.

देखभाल रोज पाच मिनिटांची आहे. बॅटरी काढून मोटरच्या जाळीतला भुसा ब्रशने झाड, बॅटरीची टोकं कोरड्या फडक्याने पूस, चकतीला तडा आहे का आणि तिच्यावर छापलेली मुदत उलटली का ते बघ. फुगलेली बॅटरी चार्ज करू नकोस, खोलून बघू नकोस, कचऱ्यातही टाकू नकोस. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, तेव्हा त्याच्याकडेच परत दे. आणि हे सगळं हाताखालच्या पोराला आजच शिकव. तो तुझं ऐकण्यापेक्षा तू काय करतोस ते बघून शिकणार आहे, म्हणून त्याच्यासमोर बॅटरी न काढता चकतीला एकदाही हात लावू नकोस.

तुझा,
मामा